शिंगातला हात

व्रबित्से, १२ जून १७६४

फ्लोरिआन,

काचवाला बार्तोन काल आला. गाढवावरच्या पेट्या उतरवायच्या आधीच माझ्या कानाशी लागला, "मास्तर, पोरगा जिवंत आहे. रेगेन्सबुर्गच्या बाजूला कोण्या बड्या घरी वाजवतो. अंगानं भरलाय." तुझ्या आईनं अंगणातच बसकण मारली. मी बार्तोनला म्हटलं, "गाढवाला आधी पाणी दाखव." दुसरं काय म्हणणार होतो?

जिवंत आहेस, बरं झालं. आता इकडचं ऐक.

ईस्टरच्या सकाळी मी ऑर्गनवर बसलो आणि शिंगवाल्यांच्या बाकावर तुझा जोडीदार ओंद्रेई एकटाच. मी खूण केली, कुठाय? त्यानं खांदे उडवले. तशीच मिस्सा, सणाची मोठी प्रार्थना, वाजवली, पहिल्या शिंगाच्या जागी भोक ठेवून. लोकांना वाटलं मास्तर चुकला. दुपारी कारभारी रोत्सेक चार शिकारी घेऊन दारात. गवताच्या गंजीत भाले खुपसून पाहिले, आईचा पिठाचा कोठा उलटा केला. ओंद्रेईला वाड्याच्या चौकात फटके बसले. तू कुठं गेलास ते त्याला माहीत नव्हतं म्हणून बसले. माहीत असतं तर सांगून सुटला असता.

तू पळालास ते सरकारांच्या वाद्यवृंदातून पळालास असं तुला वाटत असेल. या जहागिरीतला माणूसच सरकारांच्या मालकीचा असतो, हे तुला नव्यानं सांगायला हवं का? ड्रेस्डेनला दोन वर्षं कोणी ठेवलं तुला? शिंगात मुळात सगळे सूर नसतात, मधले गहाळ असतात. शिंगाच्या तोंडात उजवा हात घालून ते गहाळ सूर बाहेर काढायची जी युक्ती तू शिकून आलास, ती सरकारांनी शिकवली. अशी युक्ती येणारा माणूस आसपासच्या एकाही जहागिरीत नाही, म्हणून ते पाहुण्यांना तुला दाखवत, जसा कोणी उमदा घोडा दाखवतो. घोडा कुंपण तोडून गेला की मालक काय म्हणतो ते मी रोज ऐकतोय.

रोझीनाच्या लग्नाला परवानगी मिळाली नाही. गिरणीवाल्याचा व्होयता दोनदा टोपी हातात घेऊन वाड्यावर गेला. रोत्सेक म्हणाला, "भाऊ आला की बहिणीचं बघू."

जाताना माझ्याशी बोलला नाहीस. आपलं शेवटचं बोलणं ते भांडणच. तू म्हणालास, "बाबा, तुमच्या त्या एकावर एक रचलेल्या चार चाली म्हणजे चार म्हाताऱ्या एकदम बोलतात आणि कोणी कोणाचं ऐकत नाही." मी म्हणालो, तुझं ते नवं संगीत म्हणजे एक बाई गाते आणि बाकीचे तिच्यामागून पिठाची पोती वाहतात. तू हसलास. मला वाटलं विषय मिटला.

आई विचारते, अंगात घालायला लोकरीचं आहे का. मी काही विचारत नाही.

याखिम व्होंद्रा

*

व्रबित्से, १५ जुलै १७६४

फ्लोरिआन,

बार्तोन उद्या निघतो म्हणून घाईनं लिहितो.

सरकारांनी मला वाड्यावर बोलावलं. स्वतः. मी रविवारचा कोट घातला, आईनं दोनदा झटकला. ते वाद्यांच्या खोलीत एकटेच बसले होते, समोर तुझं शिंग, मखमलीवर ठेवलेलं. तू नेलं नाहीस याचं मला आजवर बरं वाटत होतं, चोरीचा आळ तरी नको. त्यांनी मला बसायला सांगितलं. फ्लोरिआन, मी तीस-बत्तीस वर्षं त्यांच्या आणि त्यांच्या वडिलांच्या मिस्सा वाजवल्या. त्या घरात कोणी मला बस म्हटलं नव्हतं.

म्हणाले, "मास्तर, मुलगा तुमचा आहे, पण मलाही त्याच्याशिवाय चुकल्यासारखं होतं. नव्या सिंफनीतला मंद भाग आम्ही टाकून देतो हल्ली. तो वाजवायला माणूस नाही."

मी म्हटलं, "सरकार, पोर चुकलं."

"पोरं चुकतात. त्याला लिहा. सप्टेंबरअखेर संत मायकेलचा सण आहे, तोवर परत आला तर मी काही बोलणार नाही. तुमच्या मुलीचं लग्न मी स्वतः लावून देईन."

"शिक्षा?" मी विचारलं. विचारायचं धाडस कुठून आलं देव जाणे.

ते हसले. "मी त्याला पुन्हा शेतावर पाठवीन, असं वाटतं का तुम्हाला? त्याच्या हाताला?"

मग त्यांनी माझा हात हातात घेतला. रोत्सेक दाराशी उभा होता, तो जमिनीकडे बघत होता.

बाबा रे, परत ये. परक्या गावात उद्या ओठ सुजला, दात दुखला की कोण विचारतं? इथं निदान आपली माणसं आहेत. मी शब्द ऐकलाय. व्होयता आला की रोझीना मागच्या दारानं निघून जाते, त्याच्यासमोर रडायला नको म्हणून. आईचं मी लिहीत नाही.

ये.

बाबा

*

व्रबित्से, ९ सप्टेंबर १७६४

फ्लोरिआन,

तुझं उत्तर मिळालं. आईला तीनदा वाचून दाखवलं, चौथ्यांदा तीच मला पाठ म्हणून दाखवायला लागली.

तर संत मायकेलच्या दिवशी. जत्रेच्या गर्दीतून येणार, संध्याकाळच्या प्रार्थनेला ऑर्गनच्या सज्जाखाली उभा राहणार, ऑर्गन थांबला की जिना चढून आधी मला भेटणार आणि मग आपण दोघं मिळून सरकारांकडे जायचं. ठीक. एकट्यानं वाड्यावर जायला तुला धीर होत नाही असं लिहिलंस. मलाही झाला नसता.

आईनं हंस बांधून ठेवलाय, त्याला कणकेचे गोळे भरवते. रोझीनानं व्होयताला सांगितलं. व्होयता गिरणीत इतक्या जोरानं गात होता की त्याच्या बापानं त्याला बाहेर हाकललं.

रोत्सेक रस्त्यात भेटला. "काही कळलं का, मास्तर?" म्हणाला. मी सांगून टाकलं. कधी येणार, कुठं उभा राहणार, सगळं. आनंद पोटात मावत नव्हता. म्हणाला, "वा! सरकारांना फार बरं वाटेल." आणि मला तपकीर दिली. या माणसानं आजवर कोणाला तपकीर दिली नाही.

जिना अंधारा आहे, तिसरी पायरी मोडलीय, जपून चढ.

बाबा

*

व्रबित्से, २६ सप्टेंबर १७६४

फ्लोरिआन, येऊ नकोस.

जिथं हे मिळेल तिथून मागे फिर. जेवत असशील तर पानावरून ऊठ.

रोझीना वाड्यावर इस्त्रीच्या खोलीत होती. भिंतीपलीकडे शिकाऱ्यांची खोली आहे. रोत्सेक त्यांना सांगत होता आणि हिनं शब्द न् शब्द ऐकला. घरी आली तेव्हा तिचा एक तळवा भाजलेला होता, इस्त्री कुठं टेकवली ते तिला कळलं नव्हतं.

ती म्हणाली, "बाबा, ते दादाचा हात तोडणार आहेत."

मी म्हटलं, "काहीतरी ऐकलं असशील. सरकारांनी मला शब्द दिलाय."

"शब्द पाळणारच आहेत ते. रोत्सेक हसत तेच सांगत होता. सरकार म्हणाले, मी काही बोलणार नाही. बोलणार नाहीत, बाबा. उजवा हात, मनगटापासून. म्हणाले, जे मी शिकवलं ते मी परत घेणार, बाकीचा माणूस त्याच्या बापाला देऊन टाका."

"आणि?"

"एका शिकाऱ्यानं विचारलं, मग तो करणार काय. रोत्सेक म्हणाला, गुरं हाकायला एक हात पुरतो."

मी तिला ओरडलो. खोटं बोलतेस म्हणालो. मग तिनं भाजलेला तळवा माझ्यासमोर धरला आणि मी हा कागद घेतला.

हे पत्र घेऊन व्होयता आत्ता निघतोय, पिठाची गाडी घेऊन, म्हणजे कोणी विचारणार नाही. तो मोठ्या रस्त्यानं सरहद्दीकडे जाईल. तू जंगलातल्या वाटेनं आलास तर चुकामूक होईल. मला जहागिरीबाहेर पाऊल टाकायला परवाना लागतो आणि तो रोत्सेक देतो.

तुला बोलावणारा मीच. माझ्याच अक्षरात.

फिर मागे.

*

व्रबित्से, ४ ऑक्टोबर १७६४

फ्लोरिआन,

तू कुठं आहेस मला माहीत नाही. हे कोणाच्या हाती देऊ तेही माहीत नाही. पण जे झालं ते तुला मीच सांगायला हवं.

व्होयताला पुलावरूनच परत पाठवलं. शिकाऱ्यांनी सगळी पोती भाल्यानं फोडली. पत्र त्यानं चावून गिळलं. पांढराफटक चेहरा घेऊन आला, मला वाटलं भीतीनं, पीठ होतं.

सणाच्या दिवशी सकाळपासून मी जत्रेत हिंडायचं म्हणत होतो. प्रत्येक टोपीखाली बघितलं असतं. पण मिस्सा संपताच रोत्सेक सज्जात आला. "मास्तर, आज इथंच बसा. जेवण वर येईल. पोरगा येणार, बाप जागेवर नको का?" दोन शिकारी ऑर्गनच्या मागे, दोन जिन्याखाली, बाकीचे स्मशानाच्या फाटकाशी. मी लघवीला उठलो तरी एक जण मागून आला.

हंसाची तंगडी वर आली. आईनं पाठवलेली. तिला काही माहीत नाही, असं मला तेव्हा वाटत होतं.

ऑर्गनचा भाता तुडवायला मी रोझीनाला मागून घेतलं. रोत्सेक म्हणाला, "पोरीला? तुमचा नेहमीचा कुठं गेला?" मी म्हटलं, "जत्रेत पिऊन पडलाय, तुमच्याच खानावळीत." तो हसला. ती भात्यावर उभी राहिली, हाताला फडकं गुंडाळून. आम्ही एकमेकांकडे पाहिलं नाही.

प्रार्थनेला चर्च गच्च भरलं. माझ्या समोरच्या आरशात मला वेदी दिसते, सरकारांची बैठक दिसते. सज्जाखालचं दिसत नाही. तू तिथं, माझ्या पायांखाली, आहेस की नाहीस, मला कसं कळणार? ऑर्गन थांबला की तू जिना चढणार. म्हणजे जोवर वाजवतोय तोवर तू सुरक्षित. किती वेळ वाजवणार? पाद्री खोकून खूण करतो.

ओरडावं असं आलं होतं मनात. पण ओरडलो असतो तर फाटकं बंद झाली असती आणि गर्दीतून एकेक माणूस बाहेर काढला असता.

शेवटचं स्तवन संपलं. लोक बाहेर पडेपर्यंत वाजवायचं ते वाजवायला घेतलं. वर, दोन्ही हातांनी, तुझ्या त्या नव्या तऱ्हेचं, गोड, उड्या मारणारं. कधी वाजवलं नव्हतं मी तसलं. रोत्सेकचा पाय ठेका धरायला लागला. आणि खाली, पायपट्ट्यांवर पायांनी, सगळ्यांत जाड नळ्यांमध्ये, प्रेतावर म्हणतात ते जुनं पद धरलं. जुन्या साधूंचं, एकाच आवाजाचं. एकेक सूर आठ आठ मात्रा ताणून. इतकं ताणलं की त्याची चाल कोणाला लागू नये; नुसती जमीन घुमतेय असं वाटावं. जो माणूस लहानपणी माझ्या शेजारी बसून खालचा आवाज वेगळा ऐकायला शिकलाय, त्यालाच ते कळेल. तसा गावात एकच होता.

एकच नव्हता. पहिली ओळ पुरी व्हायच्या आत ओंद्रेईनं मान वर केली. ज्याच्या पाठीवर तुझ्यापायी वळ उठले तो ओंद्रेई. माझ्या पायांकडे बघितलं, मग माझ्याकडे. रोत्सेक त्याच्यापासून हातभर अंतरावर उभा. रोत्सेकनं विचारलं, "काय रे, काय झालं?" फ्लोरिआन, मी सूर सोडला नाही. ओंद्रेई म्हणाला, "काही नाही. मास्तर म्हातारपणी रंगात आलेत." आणि मान खाली घालून शिंगातलं पाणी काढत बसला.

दुसरी ओळ धरली. आरशात सरकारांचं डोकं हललं.

ते उत्तम जाणतात. तेवढं मी त्यांचं नेहमीच मान्य केलंय. त्यांनी डोळे मिटले, ऐकलं, डोळे उघडले आणि बैठकीमागच्या नोकराला बोटानं बोलावलं. नोकर गर्दीतून सज्जाच्या जिन्याकडे निघाला. बाया, पोरं, म्हातारे, सगळे बाहेर चाललेले आणि तो उलटा आत. आरशातून दिसेनासा झाला. रोझीना भाता तुडवत होती, तिचा श्वास मला नळ्यांच्या वर ऐकू येत होता. तिसरी ओळ. जिन्यावर पावलं. तिसऱ्या पायरीशी नोकर धडपडला आणि शिव्या दिल्या. मी शेवटचा सूर धरला आणि सोडलाच नाही, तोवर रोत्सेकनं माझी मान धरून मला बाकावरून ओढलं.

त्यांनी चर्च पालथं घातलं, घंटाघर, कबुलीजबाबाची लाकडी खोली, स्मशान. वाजवणाऱ्याचा मऊ हात शोधत जत्रेतल्या प्रत्येक परक्या माणसाचे तळहात बघितले. कोणी सापडला नाही.

मला सरकारांसमोर उभं केलं. या खेपेला बसायला सांगितलं नाही.

"मास्तर, माझ्या सणाला प्रेताचं गाणं?"

"सरकार, आनंदाच्या दिवशी गेलेल्यांची आठवण काढावी, अशी जुनी रीत आहे."

"तुमचे पाय छान चालतात." त्यांनी माझ्या जोड्यांकडे पाहिलं. मग म्हणाले, "मला वाटायचं, हे असलं ऐकू येणारा या गावात मी एकटाच आहे." त्यांच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मी कमी घाबरलो असतो. "उद्यापासून ऑर्गनला हात लावायचा नाही. पायही."

घरी आलो तर आई चुलीशी. तिला सगळं ठाऊक होतं. रोझीनानं त्याच रात्री सांगितलं होतं. ती प्रार्थनेला मागच्या खांबाशी उभी होती. म्हणाली, "तुमचं वाजवणं चालू असताना माझ्या बाहीला कोणाचा तरी हात लागला."

"कोणाचा? बघितलंस?"

"मान वर केली नाही मी. केली असती तर कोणीतरी माझ्याकडे बघितलं असतं."

"उजवा की डावा?"

"लागला एवढंच," म्हणाली, आणि पातेलं घासायला घेतलं. घासलेलंच पातेलं होतं.

आता तो हात तुझा होता की गर्दीतल्या कोणाचा, हे मला कळायला मार्ग नाही. तू आला नव्हतास असंही असेल. वाटेत पकडून परस्पर काही केलं असेल असंही मनात येतं. रात्री तेच येतं.

बाबा

*

व्रबित्से, १९ मार्च १७६५

फ्लोरिआन,

बार्तोन आला. या पत्रानंतर मी लिहिणार नाही, म्हणून सगळं लिहितो.

हिवाळाभर मी वेठीला होतो. जंगलात लाकडं तोडायची. माझ्या वयाचा माणूस पाहून इतरांनी मला फांद्या वेचायला दिल्या. शाळा माझ्याकडे ठेवलीय, पण अक्षरं शिकवायची, सूर नाहीत. ऑर्गनवर एक नवा तरुण आणलाय. तो वाजवतो तेव्हा मी मागच्या बाकावर बसतो आणि पाय घट्ट जमिनीला टेकवून ठेवतो. रोझीनाच्या लग्नाची परवानगी नाही ती नाहीच. व्होयता दर सणाला टोपी घेऊन जातो, परत येतो. ती म्हणते, "केस पिकले तरी चालतील. पण दादाबद्दल कोणी माझ्यासमोर वाईट बोललं तर इस्त्री फेकून मारीन." ओंद्रेईला मी एकदा म्हटलं, तुझे उपकार आहेत. तो म्हणाला, "कसले, मास्तर? मी तर शिंगातलं पाणी काढत होतो."

बार्तोननं या वेळी गाढवाला आधी पाणी पाजलं. मग माझ्याजवळ येऊन बसला.

"मास्तर, मी एका गावात होतो..."

"गावाचं नाव सांगू नकोस."

"बरं. एका मोठ्या घरी काचेची झुंबरं द्यायला गेलो होतो. आत वाजवणं चाललेलं. दारातून बघू दिलं. एक जण उभा राहून शिंग वाजवत होता, एकटाच, बाकीचे हळू."

"माणसाचं नाव सांगू नकोस."

"सांगत नाही. पण आपल्याच..."

"बार्तोन! हात किती होते त्याला?"

तो माझ्याकडे बघतच राहिला. "दोन, मास्तर. एकानं शिंग धरलेलं, दुसरा आत घातलेला."

आई आत होती. तिनं दार लावून घेतलं.

मी विचारलं, "कसं वाजवत होता?"

"मला संगीतातलं काय कळतंय? पण माझ्यासमोर एक जाडी बाई पंख्यानं वारा घेत होती, तिचा पंखा थांबला. मधे एकदा त्याचा सूर तुटल्यासारखा झाला. श्वास घेतला बहुतेक. मग बाईनं पुन्हा पंखा हलवला."

तर आता ऐक. उत्तर पाठवू नकोस, बार्तोनजवळ निरोपही नको. तू कुठं आहेस हे मला कळता कामा नये. मला विचारतात अजून. आज मी सांगत नाही, कारण मला माहीत नाही. उद्या माहीत असेल, लाकडं ओली असतील, बोटं बधिर झाली असतील आणि रोत्सेक तपकीर पुढे करेल. मग मी काय करीन याचा मला भरवसा नाही. एकदा केलंय. आईला हे पटलं. तिनं लोकरीचे मोजे बार्तोनजवळ द्यायला काढले होते, ते परत पेटीत ठेवले.

आणि तो सिंफनीतला मंद भाग; बार्तोननं ऐकलं ते तेच असणार. त्या वळणावर श्वास घेऊ नकोस. आधीच्या लांब सुराच्या शेवटी चोरून घे, कोणाला दिसणार नाही, आणि मग थेट खाली उतरेपर्यंत थांबू नकोस. तिचा पंखा हलता कामा नये.

बाबा